चौऱ्याहत्तर पायांचं घर

सदतीस माणसांना चौऱ्याहत्तर पाय असतात.

चार दिवस वारा सुटला होता. काळी माती भेगाळली होती. भेगांतून उंदीर डोकं काढायचे, आभाळाकडे बघायचे आणि काही खरं नाही अशा थाटात परत आत जायचे.

शेळीने कागदाचा एक कोपरा खाल्ला.

“पत्र कुठे टाकू?” पोस्टमनने विचारलं. “आहात तिथेच थांबा,” दारातून उत्तर आलं, “घरच तिकडे येतंय.”

अंगणात चपलांचा ढीग. त्यात एकच बूट, डाव्या पायाचा. त्याचा मालक अजून पुढे आलेला नाही.

टक्.

नीट सांगायचं तर सुतारापासून सुरुवात करावी लागते. गावातली दारं, खाटा, पाळणे, बैलगाड्या, सगळं याच्या हातचं. माणूस कामाला पक्का, पण एक खोड होती. काहीही बनवलं की ते आधी स्वतःच्या अंगणात पूर्ण जोडून बघायचं, मग ठोकून सुटं करायचं आणि मगच ज्याच्या त्याच्या घरी नेऊन परत जोडायचं. याला तो ‘कोरडं लावणं’ म्हणायचा. आधी कोरडं, मग खरं. लोक म्हणायचे, याने जावईसुद्धा लग्नाआधी आठ दिवस घरी ठेवून कोरडा लावून बघितला. तो जावई नंतर सुटलाच नाही. तीन वर्षं झाली, अजून सासऱ्याच्याच ओसरीत होता आणि बोलत नव्हता.

सुताराची थोरली बहीण, ताई, अकरा वर्षांपूर्वी एक पत्र्याची पेटी घेऊन आली होती. चार दिवसांसाठी म्हणून. तेव्हापासून ती भावाच्या कारखान्याच्या कोपऱ्यात, उभ्या करून ठेवलेल्या फळ्यांच्या मागे राहायची. भुसा झाडायची, रंध्याला तेल द्यायची आणि दिवसभर भावाच्या चुका काढायची. सुतारणीचं आणि तिचं रोज सकाळी पाण्याच्या हंड्यावरून भांडण व्हायचं. ज्या दिवशी व्हायचं नाही त्या दिवशी दोघींना जेवण जायचं नाही.

गावच्या कमिटीने ताईला जागा दिली ती सहा महिन्यांपूर्वी. ओढ्यापलीकडे, सुताराच्या परसाच्या बरोबर समोर. मधला ओढा कोरडा, पण खोल. जागेला अट एकच: सहा महिन्यांत तिच्यावर छप्पर उभं राहिलं पाहिजे. नाही राहिलं तर जागा यादीतल्या दुसऱ्या माणसाला. दुसरा माणूस म्हणजे गिरणीवाला. त्याला तिथे पोती ठेवायची होती.

“ताईचं घर मी बांधणार,” सुताराने कमिटीसमोर छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. जोतं त्याने आठवड्यात घातलं. पुढे लाकडाचं बघू म्हणाला.

पहिल्या महिन्यात लाकूड ओलं होतं. दुसऱ्या महिन्यात ओलंच होतं. चौथ्या महिन्यात ताईने तुळईवर गाल टेकून बघितला आणि म्हणाली, “हे लाकूड माझ्यापेक्षा सुकलंय.” सुताराने तुळईवर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, “आतून ओलं आहे.”

मग ताईने स्वतःच शहरात चिठ्ठी पाठवली आणि जोडघर मागवलं. पत्र्याच्या पोकळ खांबांचं, एकमेकांत अडकणाऱ्या तुकड्यांचं. खिळा नको, स्क्रू नको, सुतारही नको. ते आलं मुदतीच्या शेवटच्या दिवशी. सकाळी साडेसहाला एकशे बारा तुकडे सुताराच्या अंगणात पडलेले होते. सोबत माणूस कुणी नव्हता, एक कागद होता. कागदावर नऊ चित्रं.

चित्र १. एक माणूस दोन तुकडे हातात धरून उभा आहे. माणसाला तोंड काढलेलं नाही, त्यामुळे त्याला शंकाही नाहीत.

“आज शेवटचा दिवस आहे,” ताई म्हणाली. “संध्याकाळी पाचला मोजणीदार येणार. जोतं तिकडे आणि तू इकडे काय मांडतोयस?”

“एकदा कोरडं लावून बघतो.”

“हे लाकूड नाहीये.”

“म्हणून तर बघायचं. अनोळखी माणसाला कुणी एकदम स्वयंपाकघरात नेत नाही.”

“घर पाहावं बांधून म्हणतात. तुझं आपलं नुसतंच पाहावं.”

“ताई, सहा महिने थांबलीस. आता सकाळभर थांब.”

“सहा महिने मी थांबले नव्हते. थांबवली गेले होते.”

सुताराने पेन्सिल कानावर अडकवली. कानावर पेन्सिल गेली की त्याला ऐकू येत नाही, हे गावाला माहीत होतं.

चित्र २. दोन तुकडे एकमेकांजवळ आणले आहेत. शेजारी कान काढला आहे.

पहिला जोड बसला आणि आवाज झाला: टक्. सुताराने तो हलवून बघितला. हलेना. गुण्या लावला. काटकोन. त्याने गुण्या उलटा करून लावला, कारण चूक गुण्यात असू शकते. काटकोनच.

दुसरा जोड. टक्. लोहार आला, शेतावर निघालेले चौघे थांबले, बायका डोक्यावरचे भारे खाली ठेवून उभ्या राहिल्या. टक्. टक्. एकजण खांब धरतोय तोवर दुसरा तुळई लावून मोकळा. सुताराच्या आयुष्यात एवढं सरळ काम एवढ्या चुकार माणसांकडून कधी झालं नव्हतं. भिंतींचे पत्रे सरकले, छपराचे बसले. साडेनऊ वाजता अंगणात बारा फूट रुंद, सोळा फूट लांब असं अख्खं घर उभं होतं.

सुताराला इतका अपमान कधी वाटला नव्हता. तो घराभोवती तीनदा फिरला. मग म्हणाला, “बरं आहे. डब्यासारखं आहे, पण बरं आहे. चला, आता सुटं करा.”

चित्र ३. जोडलेल्या तुकड्यांवर कुलूप काढलं आहे. शेजारी ओढणारा हात, आणि त्या हातावर मोठी फुली.

गाव आजही म्हणतं, हे चित्र शेळीने खाल्लं. शेळीने खाल्लेला कोपरा खालचा होता, त्यात कंपनीचा पत्ता होता. चित्र ३ धडधाकट होतं. सुताराने सकाळपासून त्याच्यावर चहाचा पेला ठेवला होता.

लाकडी हातोडीने ठोकलं. लोखंडी हातोडीने ठोकलं. तेल सोडलं. चौघांनी या बाजूने आणि चौघांनी त्या बाजूने ओढलं, तेव्हा आतून आणखी एक टक् आला आणि जोड होता त्याहून घट्ट झाला. लोहाराने फटीला डोळा लावला.

“हे उघडायला केलेलंच नाही,” तो म्हणाला. “आत दात आहेत. उंदराच्या पिंजऱ्यासारखे. जाताना या बसा, येताना चावा.”

“काप मग,” सुतार म्हणाला.

“कापतो. एक कापला की बाकीचे एकशे अकरा डोक्यावर येतील. तू आत उभा राहतोस?”

वाऱ्याने छपराचा पत्रा एकदा घुमला. सगळे ताईकडे बघत होते. ताई ओढ्यापलीकडे बघत होती. तिकडे रिकामं जोतं उन्हात पडलं होतं आणि त्यावर गिरणीवाला, हात मागे बांधून, पावलं मोजत होता. पोती किती बसतील ते बघत असावा.

सुतारणीने नणंदेच्या खांद्यावर हात ठेवला. “राहू दे वन्सं. इथेच राहा. घर आपल्याच अंगणात झालं म्हणायचं.”

“म्हणजे तुझ्याच अंगणात,” ताई म्हणाली. “अकरा वर्षं तेच केलं. जागा गेली की मी आहेच पुन्हा फळ्यांमागे.” आणि मग ती भावाकडे वळली. आवाज चढला नाही, उलट उतरला. “हात दाखवून अवलक्षण. तुला एवढंच विचारते, हे कसं न्यायचं तिकडे?”

उत्तर ओसरीतून आलं.

“उचलून,” जावई म्हणाला.

तीन वर्षांत पहिलाच शब्द. सुतारीण मटकन खाली बसली.

चित्र ४ ते ९. तोंड नसलेला माणूस घरासमोर उभा आहे. खिडकी लावतो आहे. दार लावतो आहे. हात वर करून आनंद दाखवतो आहे. घर उचलण्याचं चित्र नाही.

ओढा घरासाठी खोल होता. वाट एकच: अंगणातून गल्लीत, गल्लीतून गिरणीच्या कोपऱ्यावरून रस्त्यावर, रस्त्यावरून पूल ओलांडून, वळून जोत्यावर. चारशे पावलं.

“गल्ली किती?” लोहाराने विचारलं.

“साडेबारा फूट,” सुतार म्हणाला. “मी स्वतः मोजलीय, गिरणीचं दार बसवलं तेव्हा. घर बारा. इकडे तीन इंच, तिकडे तीन इंच. लोण्यातून सुरी.”

छत्तीस माणसं गोळा झाली. बाया, बापे, दोन म्हातारे, ज्यांना घरात बसून कंटाळा आला होता आणि निदान वेगळ्या घरात उभं राहू असं वाटलं. सगळे आत शिरणार तेवढ्यात ताई दारात आडवी आली.

“चपला बाहेर.”

“ताई, काटे आहेत वाटेत,” लोहार म्हणाला.

“असतील. माझ्या घरात चपला घालून कुणी आलेलं मला चालणार नाही.”

झाला चपलांचा ढीग. छत्तीस माणसं अनवाणी आत गेली, खालच्या पट्टीला हात घातला आणि “हं” म्हटल्यावर घर चार बोटं वर आलं. आत खिडकी एकच, तीही बाजूला, त्यामुळे कुणालाच समोरचं दिसत नव्हतं. दार पुढच्या अंगाला होतं. त्या दारात ताई उभी राहिली आणि घर चालायला लागलं.

“सरळ. सरळ. उजवीकडे खड्डा आहे, उजव्या भिंतीने जरा जपून. कोण थुंकलं? मी विचारते, माझ्या घरात कोण थुंकलं?”

“धूळ गेली तोंडात,” आतून कुणीतरी.

“गिळ.”

म्हाताऱ्यांपैकी एकजण घामाघूम होऊन म्हणाला, “घरात हवा येत नाही हो.”

“पाहुणे जास्त झालेत,” ताई म्हणाली.

सुतार डाव्या भिंतीच्या मध्यावर होता. पाठीवर ऊन नव्हतं, डोक्यावर छप्पर होतं, तरी घाम धारांनी गळत होता. शेजारी जावई. जावयाला आता बोलायची गोडी लागली होती. तो म्हणाला, “मामा, पाय जुळवा.” सुताराने पाय जुळवले. बाहेर कुत्री भुंकत होती. त्यांचं बरोबर होतं, त्यांनी असं जनावर आजवर बघितलं नव्हतं. पोस्टमन समोरून आला, ताईच्या हातात पत्र दिलं, आणि पुढच्या घराला जायला वाट नाही म्हणून घरापुढे उलट्या पावलांनी चालू लागला.

तासाला शंभर पावलं. दर वीस पावलांवर घर खाली, विश्रांती, पाणी. दोनदा चहा. एकदा एका शेजारणीने जाता जाता खिडकीतून कढईच मागितली, आणि ताईने “अजून लावालाव व्हायचीय” असं सांगून तिला वाटेला लावलं. दुपार कलली तेव्हा घर गिरणीच्या कोपऱ्याशी पोचलं, आणि कर्र असा आवाज होऊन थांबलं.

“ढकला.”

ढकललं. घर पुढे जाईना. ओढलं, मागे येईना. बूच बसावं तसं गल्लीत बसलं.

“नाचता येईना गल्ली वाकडी,” बाहेरून आवाज आला. गिरणीवाला. आपल्या दाराशेजारच्या नव्या ओट्यावर पाय सोडून बसला होता. “घर रुंद आहे सुतार. मोजायला चुकलात. वय झालं.”

सुतार खिडकीतून बघत राहिला. तीन इंच. नजरेनेच कळत होतं, तीन इंच कमी आहेत. गल्ली आटली की काय? विहीर आटते, म्हैस आटते. गल्ली कशी आटेल?

बरोबर पाचला मोजणीदार सायकलवरून आला. किडकिडीत, काखेत नकाशाची नळी, बोटाला टेपचा चट्टा. त्याने घराकडे बघितलं, दारातल्या ताईकडे बघितलं, खालून दिसणाऱ्या पायांकडे बघितलं.

“हे तुमचं घर?”

“हो. या ना. चपला बाहेर काढा.”

“जागेवर नाहीये.”

“वाटेवर आहे.”

“नियमात ‘जागेवर’ लिहिलंय. सूर्य मावळायला सव्वा तास आहे. तोवर जोत्यावर गेलं तर ठीक, नाहीतर दुसरं नाव.”

दुसरं नाव ओट्यावर पाय हलवत होतं.

तेव्हा घरातून सुताराचा आवाज आला. “साहेब, एक काम करा. ही गल्ली मोजा.”

“गल्लीचा काय संबंध?”

“पंधरा वर्षांपूर्वी ती साडेबारा फूट होती. मी चुकत असेन तर सांगा, आजपासून करवतीला हात लावत नाही.”

कुणी मोजायला सांगितलं तर मोजणीदाराला नाही म्हणता येत नसे, तो त्याचा स्वभावच होता. त्याने टेप काढली. भिंतीपासून ओट्यापर्यंत धरली. अकरा फूट नऊ इंच. नकाशा उलगडला, त्यावर बोट ठेवलं, परत मोजलं.

“घर रुंद नाही,” तो म्हणाला. “ओटा नऊ इंच पुढे आहे.”

“असेल,” गिरणीवाला म्हणाला. “त्याचं बघू. अर्ज करा, चौकशी लावा, पुढच्या वर्षी पाडतो.”

मोजणीदाराने मान हलवली. तेही नियमात होतं. घरात छत्तीस जण एकदम खाली बसले, त्याचा धप्प आवाज झाला. सुताराला कपाळ पत्र्यावर टेकवावंसं वाटलं. टेकवलं. पत्रा गरम होता.

ताईने मात्र पदर खोचला.

“वहिनी,” तिने मागे वळून हाक मारली, “माझी चूल आण गं. पेटी पण आण.”

“कशाला वन्सं?”

“जागा गेली. आता घर आहे तिथे मी आहे. मागे जात नाही, पुढे जात नाही, सुटं होत नाही. मी इथेच राहते. उद्या दारात दोन कुंड्या लावते.”

गिरणीवाल्याचे पाय हलायचे थांबले. घराच्या डाव्या भिंतीमागे, पत्र्याला चिकटून, त्याच्या गिरणीचं दार होतं. पाऊण दार झाकलं गेलं होतं. उरलेल्या पाव दारातून एखादं मांजर गेलं असतं, पोतं गेलं नसतं.

“अहो, पण मी दळण कुठून घेणार?”

“खिडकीतून द्या,” ताई म्हणाली. “आमच्या घरातून लोक येतील, जातील. चपला काढून.”

“साहेब,” गिरणीवाला मोजणीदाराकडे वळला, “हे घर इथून हलवायला सांगा.”

“अर्ज करा,” मोजणीदार म्हणाला. “चौकशी लागेल. पुढच्या वर्षी.”

गिरणीवाल्याने सूर्याकडे बघितलं. जोत्याच्या दिशेला बघितलं, जिथे पोती राहिली असती. गिरणीच्या पाव दाराकडे बघितलं. दगडाखाली हात सापडलेला माणूस जसा हळू श्वास घेतो तसा घेतला. मग गिरणीच्या मागच्या खिडकीतून आत शिरला आणि घण घेऊन आला. स्वतःच्या ओट्यावर त्याने स्वतः पहिला घाव घातला. लोहार दारातून बाहेर आला, दुसरी बाजू धरली. गावात इतक्या लवकर काही बांधलं गेलं नव्हतं तसं इतक्या लवकर काही पाडलंही गेलं नव्हतं.

“झालं,” गिरणीवाला घाम पुसत म्हणाला. “न्या एकदाचं.”

“दोघे म्हातारे दमलेत,” ताई म्हणाली. “डाव्या भिंतीला एक माणूस कमी पडतोय.”

गिरणीवाल्याने घण खाली टाकला. मग वाकला, चपला काढल्या आणि आत गेला. झाले सदतीस.

चित्र १०, जे कागदावर नाही. मावळतीचं लाल ऊन. रस्त्यावरून एक घर पळत आहे. त्याच्या मागे सायकल हातात धरून एक किडकिडीत माणूस पळत आहे. त्याला तोंड आहे आणि ते उघडं आहे.

रस्त्यावरून वळून घर सरळ जोत्यावर चढवलं. चार कोपऱ्यांना चार खुंट्या होत्या, त्यावर घर बसवायचं. टक्. टक्. टक्. तिसरा टक् झाला आणि सुताराच्या लक्षात आलं की दार पुढे धरून आत आल्यामुळे दार आता ओढ्याकडे गेलंय आणि पाठ रस्त्याकडे. गाडी मागे घेतात तसं घर उलटं घालायला हवं होतं.

“थांबा,” तो म्हणाला.

टक्.

मोजणीदाराने सूर्य बघितला. बोटभर शिल्लक होता. त्याने वहीत लिहिलं, जागेवर छप्पर आहे, दार उलट्या बाजूला आहे, दाराबद्दल नियमात काही नाही. सही करून तो सायकलवर बसला.

माणसं तळपाय चोळत चपला शोधायला गेली. गिरणीवाला कुणाशी न बोलता गेला. जाताना लोहाराने त्याला आपली विडी दिली. सुतार मात्र जोत्याच्या कडेला बसून राहिला. ताई दाराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. समोर ओढा, ओढ्यापलीकडे सुताराचं परस, कारखान्याचा उघडा कोपरा, उभ्या केलेल्या फळ्या.

“दार चुकलं,” सुतार म्हणाला.

“चुकलं.”

“रस्ता दिसणार नाही तुला.”

“रस्त्यावर काय आहे बघायला?” ताईने डोळे बारीक केले. “इथून तुझा रंधा दिसतो. आता गंजणार. अकरा वर्षांत एकदा तेल दिलं नाहीस तू स्वतःच्या हाताने.”

“ऐकू येतं का इथून, बघायला पाहिजे.”

“जा तिकडे. मी शिव्या देते. ऐकू आल्या तर हात कर.”

सुतार उठला, ओढ्यात उतरला, पलीकडे चढला. परसात जाऊन उभा राहिला. कारखान्यातला कोपरा रिकामा होता. फळ्यांमागे पेटी नव्हती, तिच्या तळाचा चौकोन तेवढा भुशात उमटला होता. पलीकडून आवाज आला, अगदी स्वच्छ, शब्द न् शब्द. त्याने बराच वेळ हात केला नाही, म्हणून ताईला पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सगळं म्हणावं लागलं.

सकाळी सहाला जोडघराचा ट्रक आधी ओढ्यापलीकडे, जोत्यापाशीच थांबला होता, आणि सुताराने हात करून तो अंगणात बोलावून घेतला होता.